दूरच्या शहरातला मोडेम: पीसी परस्यूटवर चाललेल्या एका फिडोनेट हबचं प्रकरण

हे प्रकरण १९८६ ते १९८९ या काळातलं, अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका मध्यम आकाराच्या शहरातलं. तिथे एक गृहस्थ घरच्या पीसीवर बुलेटिन बोर्ड (फोनवरून जोडून निरोप आणि फाइली देता-घेता येणारा संगणक) चालवायचे आणि आसपासच्या बोर्डांसाठी फिडोनेटचा हबही, म्हणजे टपाल वाटणारं मधलं ठाणंही, सांभाळायचे. त्यांचं नाव, शहर आणि नोडचा (जाळ्यातल्या एकेका बोर्डाला नोड म्हणत) क्रमांक गाळला आहे, इथे त्यांना नुसतं ‘चालक’ म्हटलं आहे. फाइलींचे आकार हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल आकड्यांत घेतले आहेत. जाळ्याची रचना, दर आणि नियम त्या काळी होते तसेच दिले आहेत.

पॅकेट जाळ्यांचा, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे करून पाठवणाऱ्या जाळ्यांचा, इतिहास सांगताना मोठे संगणक आणि विद्यापीठं नेहमी पुढे येतात. या जाळ्यांच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले, तिथून बाहेर स्थानिक फोन लावून देणारे डायल-आउट मोडेम मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाहीत. सामान्य माणसाला परवडेल अशा पैशात देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला संगणक जोडता आला तो या मोडेममुळे. म्हणून अशा मोडेमवर चाललेल्या पीसी परस्यूट या सेवेची ही गोष्ट सविस्तर लिहितो आहे.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत त्या वेळी बहुतेक घरांना गावातल्या गावात कितीही वेळ बोललं तरी महिन्याचं ठराविक भाडंच पडायचं. शहराबाहेरच्या कॉलला मात्र मिनिटावर मीटर. रात्रीच्या सवलतीतही मिनिटाला पंधरा सेंटांच्या आसपास, म्हणजे तासाला नऊ डॉलर. आपल्याकडे रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात लागायचा आणि बूथवर गर्दी व्हायची, ते ज्यांना आठवतं त्यांना या हिशोबाचा जाच सांगायला नको.

फिडोनेट हे बुलेटिन बोर्ड एकमेकांना जोडणारं हौशी जाळं. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे टॉम जेनिंग्ज आणि बाल्टिमोरचे जॉन मॅडिल यांच्या दोन संगणकांपासून ते सुरू झालं. पहाटे एक बोर्ड दुसऱ्याला फोन लावायचा, निरोपांची देवाणघेवाण व्हायची आणि फोन खाली. जो फोन लावेल त्याच्या बिलावर खर्च. १९८६ मध्ये डॅलसच्या जेफ रश यांनी इकोमेल आणलं आणि खाजगी निरोपांबरोबर सार्वजनिक चर्चाही बोर्डाबोर्डांवर फिरू लागल्या. काही काळातच पत्रव्यवहारापेक्षा चर्चांचं वजन कितीतरी पट वाढलं. आमच्या चालकाचा हब टेक्सासमधल्या एका मोठ्या हबकडून दर रात्री चर्चांचा दाबून बांधलेला (कॉम्प्रेस केलेला) गठ्ठा आणायचा आणि आपल्या शहरातल्या नोडना वाटायचा. फोनचं बिल सगळे मिळून वर्गणीने भरायचे.

टेलेनेट हे पॅकेट जाळं याहून जुनं आणि पूर्ण व्यापारी. बीबीएन या कंपनीने ते उभं केलं, इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटची उभारणी करणारे लॅरी रॉबर्ट्स त्याचे अध्यक्ष झाले आणि १९७५ मध्ये सेवा सुरू झाली. पुढे १९७९ मध्ये जीटीईने कंपनी घेतली. शहराशहरांत टेलेनेटचे स्थानिक फोन नंबर होते. बँका, कंपन्या, माहितीचे साठे दिवसभर हे जाळं वापरायचे. संध्याकाळी कचेऱ्या बंद झाल्या की तारा रिकाम्या.

त्या रिकाम्या तारा विकायची युक्ती म्हणजे १९८५ मध्ये निघालेली पीसी परस्यूट ही सेवा. टेलेनेटने निवडक महानगरांत आपल्या जाळ्याच्या बाहेरच्या टोकाला मोडेम बसवले आणि ते तिथल्या स्थानिक फोन लाइनला जोडले. तुम्ही आपल्या गावातल्या टेलेनेटच्या नंबरला फोन लावायचा, जाळ्यातून दूरच्या शहरात पोचायचं आणि तिथल्या मोडेमला त्या गावातला नंबर फिरवायला सांगायचं. दोन्ही टोकांचे फोन स्थानिक आणि मधला हजार मैलांचा पल्ला पॅकेटांतून. दर महिन्याला उक्ते २५ डॉलर. वेळ कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते सकाळी सात आणि शनिवार-रविवार पूर्ण. सुरुवातीला डझनभर शहरं होती, पुढे ती वाढत गेली.

तीन तासांच्या थेट कॉलच्या पैशात महिनाभर हवा तितका वेळ. चालकाने १९८६ मध्ये नाव नोंदवलं तेव्हा शहरातल्या सगळ्या नोडना हा प्रश्न कायमचा सुटला असंच वाटलं होतं.

## एक कॉल कसा लागायचा

इथे थोडं थांबतो, कारण पुढच्या सगळ्या अडचणी याच साखळीत दडलेल्या आहेत.

चालकाचा संगणक आपल्या मोडेममधून टेलेनेटच्या स्थानिक नंबरला फोन लावायचा. वाहक सूर लागला की दोनदा एंटर. समोरून ‘टर्मिनल=’ असा प्रश्न यायचा, त्याला बहुतेक जण ‘डी१’ असं उत्तर द्यायचे. मग जाळ्याचा @ हा प्रॉम्प्ट. तिथे ‘सी’ म्हणजे जोडून दे, त्यापुढे शहराचा संकेत, तिरकी रेघ, वेग आणि आपला आयडी. शहराच्या संकेतात आधी राज्याची दोन अक्षरं आणि मग शहराची तीन. वेगासाठी ३, १२ किंवा २४, म्हणजे सेकंदाला ३००, १२०० किंवा २४०० बिट. मग पासवर्ड. त्या शहरातला मोडेम मोकळा असेल तर जोडणी, नसेल तर पुन्हा रांगेत.

जोडणी झाली की समोर चक्क एक मोडेम. त्याला एंटरच्या आधी कंट्रोल-ई दिलं तर तो ‘हॅलो: आय’म रेडी’ म्हणून फुलीचा (*) प्रॉम्प्ट दाखवायचा, ही रॅकल-व्हेडिक मोडेमची मूळ बोली. हेझ या मोडेम कंपनीच्या बोलीत काम करायचं असेल तर ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा. चालकाच्या स्क्रिप्टमध्ये (आपोआप द्यायच्या आज्ञांच्या यादीत) सगळ्यात आधी ‘एटीझेड’ होतं आणि ते योग्यच होतं. त्या मोडेमवर तुमच्याआधी कोण बसून गेलं, त्याने काय फिरवून ठेवलं, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. आधी मोडेम मूळ पदावर आणायचा आणि मगच ‘एटीडीटी’ देऊन टेक्सासच्या हबचा सात आकडी नंबर.

म्हणजे एका कॉलमध्ये दोन फोन, चार मोडेम आणि दोन पॅड (अक्षरांची पॅकेटं बांधणारी आणि सोडणारी जाळ्यातली यंत्रं). चालकाच्या बाजूचा पॅड येणारी अक्षरं गोळा करून एक्स.२५ या पॅकेट जाळ्यांच्या मानकाप्रमाणे पॅकेटांत भरायचा, पलीकडचा ती पॅकेटं सोडून अक्षरं डायल-आउट मोडेमला द्यायचा. पॅडने कसं वागायचं हे एक्स.३ या मानकातल्या क्रमांकित पॅरामीटरनी ठरायचं: २ म्हणजे प्रतिध्वनी द्यायचा का, ३ म्हणजे कोणत्या अक्षराला पॅकेट पुढे धाडायचं, ४ म्हणजे अक्षरं यायची थांबली तर किती वेळ वाट पाहून धाडायचं, आणि तो वेळ सेकंदाच्या विसाव्या भागांत मोजायचा. ५ आणि १२ प्रवाह थोपवण्याचे.

हे सगळं टर्मिनलपुढे बसून टंकन करणाऱ्या माणसासाठी आखलेलं होतं. दोन संगणकांनी एकमेकांना बायनरी फाइली द्याव्यात हा त्याचा मूळ हेतूच नव्हता.

## अडचण

पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी दिसल्या. बाहेर पाठवायचा गठ्ठा जाईचना, आणि आत येणारा गठ्ठा यायचा पण रात्र खायचा.

पहिल्या अडचणीचा शोध चालकाने फार नेटका घेतला. दाबलेला गठ्ठा कुठेही अडतो, त्यावरून काही कळत नाही. म्हणून त्यांनी साध्या इंग्रजी मजकुराची लांबलचक फाइल एक्समोडेमने, म्हणजे फाइलीचे ठराविक ब्लॉक करून पाठवणाऱ्या प्रोटोकॉलने, पाठवून पाहिली. ती १७व्या ब्लॉकला अडली. दुसरी फाइल घेतली, तीही १७व्याच ब्लॉकला. दहा वेळा तोच ब्लॉक पुन्हा पाठवून प्रोग्रॅमने नाद सोडला.

१७ हा आकडाच उत्तर होता. वॉर्ड क्रिस्टन्सन यांचा एक्समोडेम १९७७चा. त्यात प्रत्येक ब्लॉकच्या आरंभी त्याचा क्रमांक एका बाइटमध्ये जातो. १७ हा बाइट म्हणजे कंट्रोल-क्यू, १९ म्हणजे कंट्रोल-एस. एक ‘चालू कर’, दुसरा ‘थांब’. पॅडवर प्रवाह थोपवण्याचं पॅरामीटर चालू होतं, त्यामुळे पॅडने तो बाइट आपल्यासाठीची खूण समजून गिळला. टेक्सासला एक बाइट कमी पोचायचा, तिकडून ब्लॉक नाकारला जायचा, पुन्हा तेच. साध्या मजकुरात हे बाइट नसतात म्हणून सोळा ब्लॉक निर्धास्त जायचे. दाबलेल्या फाइलीत ते पहिल्या-दुसऱ्या ब्लॉकमध्येच भेटायचे. स्क्रिप्टमध्ये जोडणीआधी ती पॅरामीटरं शून्यावर आणायची ओळ घातली आणि हा त्रास संपला.

दुसरी अडचण खोल होती. एक्समोडेम १२८ बाइट पाठवतो आणि समोरून ‘मिळालं’ येईपर्यंत हात बांधून उभा राहतो. थेट फोनवर हे उत्तर जवळपास लगेच येतं. पॅकेट जाळ्यात ते वेगवेगळ्या गाठींवर थांबत यायचं. त्यात आणखी एक गोष्ट. १२८ बाइटांच्या मजकुराला पुढे तीन आणि मागे पडताळणीचा एक असे चार बाइट लागून ब्लॉक १३२ बाइटांचा होतो. टेलेनेटचं पॅकेट १२८ बाइटांचं. म्हणजे पहिलं पॅकेट भरलं की लगेच सुटायचं आणि उरलेले चार बाइट, ज्यांत पडताळणीचाही बाइट आहे, ते पॅडमध्ये चौथ्या पॅरामीटरचा वेळ भरेपर्यंत बसून राहायचे. आणखी अक्षरं येतील म्हणून पॅड थांबला आहे आणि उत्तर येईल म्हणून संगणक. प्रत्येक ब्लॉकला हेच.

हिशोब मांडू. गठ्ठा ३०० किलोबाइटचा धरला तर २४०० ब्लॉक. १२०० बिटांच्या मोडेमवर सेकंदाला १२० अक्षरं, म्हणजे एका ब्लॉकला १.१ सेकंद. वाट पाहावी लागली नाही तर सगळा गठ्ठा ४४ मिनिटांत. पण प्रत्येक ब्लॉकमागे एक सेकंद वाट पाहावी लागली तर ८४ मिनिटं. दोन सेकंद लागले तर दोन तासांच्या वर. मध्येच जोडणी तुटली की पहिल्यापासून, कारण अर्धी राहिलेली फाइल पुढे चालू करायची सोय एक्समोडेममध्ये नाही.

शिवाय वेळेचं बंधन होतं. फिडोनेटमध्ये पहाटेचा एक तास सर्व नोडनी टपालासाठी मोकळा ठेवायचा नियम होता, तेव्हा हबने दुसरीकडे अडकून चालत नसे. त्याआधी गठ्ठा उतरायला हवा, उघडून वाटणी व्हायला हवी. आणि रात्रीचे पहिले काही तास डायल-आउट मोडेम मिळायचेच नाहीत, कारण देशभरातले हौशी सहा वाजले की तुटून पडायचे.

## कोणते पर्याय समोर होते

चालकाने नोडच्या मंडळींसमोर मांडलेले पर्याय साधारण असे होते.

थेट लांब पल्ल्याचा कॉल. सगळ्यात भरवशाचा, पण २४०० बिटांच्या मोडेमवर, वाट न पाहताही, ३०० किलोबाइटला २२ मिनिटं लागतात. पंधरा सेंटांप्रमाणे रात्रीचे सव्वातीन डॉलर, महिन्याचे शंभर. वर्गणी चौपट.

टपालाने फ्लॉपी. हा विचार खरोखर झाला. ३६० किलोबाइटच्या एका फ्लॉपीत गठ्ठा मावतो. पण चर्चा दोन-तीन दिवस शिळी होते आणि कुणाला तरी रोज टपालपेटीपर्यंत जावं लागतं. हौशी जाळ्याला रोजचं असं बांधील काम फार काळ पेलत नाही.

चर्चांची संख्या कमी करणं. कोणत्या चर्चा गाळायच्या यावर एकमत होईना.

मोडेम १२०० चा काढून २४०० चा घेणं. हा पर्याय सगळ्यांना आपसूक पटला. वेग दुप्पट म्हणजे वेळ निम्मा.

आणि शेवटचा, प्रोटोकॉल बदलणं. उत्तराची वाट न पाहता पुढचे ब्लॉक पाठवत राहायचं, उत्तरं मागून येत राहतील, चुकलेलाच ब्लॉक पुन्हा द्यायचा. याला दोन्ही टोकांना नवं सॉफ्टवेअर लागतं. टेक्सासचा हब आणखी कित्येक हबना गठ्ठे द्यायचा. एका दूरच्या हबसाठी त्याने आपली चालती व्यवस्था का बदलावी?

## पहिला निर्णय: वेगवान मोडेम

चालकाने मोडेम घेतला. मला हा या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा टप्पा वाटतो, कारण कागदावर दोन ओळींचा हिशोब केला असता तरी निकाल आधीच कळला असता.

२४०० बिटांवर १३२ बाइटांचा ब्लॉक ०.५५ सेकंदात जातो. त्यात वाट पाहण्याचा एक सेकंद मिळवला की १.५५. २४०० ब्लॉकना ६२ मिनिटं. ८४ ची ६२ झाली, ४२ नाही. मोडेम दुप्पट वेगाचा, पण जवळपास दोन-तृतीयांश वेळ तो नुसता उभा. वेळ खात होती ती प्रतीक्षा, आणि प्रतीक्षा मोडेम बदलून कमी होत नाही.

वर आणखी एक भानगड झाली. आपल्याकडून टेलेनेटपर्यंत २४०० आणि पलीकडे मोकळा मिळालेला डायल-आउट १२०० चा, असं व्हायचं. चालक अक्षरं दुप्पट वेगाने ओतायचा, पलीकडचा मोडेम निम्म्या वेगाने उपसायचा. मधल्या पॅडने ‘थांब’ म्हणायला हवं, पण थांबवण्याची खूण तर चालकाने स्वतःच बंद करून ठेवली होती. मग अक्षरं सांडायची. उपाय म्हणून स्क्रिप्टमध्ये असं ठरवलं की २४०० चा डायल-आउट मिळाला नाही तर १२०० वर समाधान मानायचं नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. त्यामुळे रांग आणखी लांबली.

## दुसरा निर्णय: न थांबणारा प्रोटोकॉल

याच सुमारास उत्तर तयार होत होतं आणि ते खुद्द टेलेनेटच्याच पैशाने. पॅकेट जाळ्यावर एक्समोडेमची ही गत कंपनीलाही दिसत होती. प्रत्येक ‘मिळालं’चा एक बाइट अख्खं पॅकेट अडवतो, म्हणजे उक्त्या दराच्या गिऱ्हाइकाकडून ओझं जास्त आणि कमाई तीच. टेलेनेटने चक फोर्सबर्ग यांच्याकडून नवा प्रोटोकॉल करून घेतला, तो १९८६चा झेडमोडेम. तो सार्वजनिक करून टाकला म्हणून सगळीकडे पसरला. फिडोनेटच्या आसपास सीलिंक नावाचा दुसरा उपायही निघाला होता, एक्समोडेमलाच खिडकी लावून, म्हणजे उत्तर यायच्या आत पुढचे काही ब्लॉक पाठवू देऊन, पॅकेट जाळ्यातला उशीर झाकणारा.

झेडमोडेमकडे बारकाईने पाहिलं की तो कोणासाठी केला हे कळतं. तो न थांबता प्रवाह सोडतो. कंट्रोल-एस, कंट्रोल-क्यू आणि कंट्रोल-पी हे बाइट वेष बदलून पाठवतो, त्यामुळे पॅड ते गिळत नाही आणि प्रवाह थोपवण्याचं पॅरामीटर पुन्हा चालू ठेवता येतं. अक्षरं सांडण्याचा प्रश्नही तिथेच सुटला. कॉल तुटला तर जिथे तुटला तिथून पुढे.

आणि एक खास टेलेनेटसाठी केलेली तरतूद. @ च्या मागोमाग एंटरचा बाइट आला तर झेडमोडेम तोही झाकतो. टेलेनेटच्या पॅडला मध्येच आज्ञा द्यायची असेल तर एंटर, @, एंटर असे तीन बाइट द्यायचे असत. दाबलेल्या फाइलीत हे तीन बाइट योगायोगाने लागोपाठ आले तर पॅड फाइल सोडून आज्ञेची वाट पाहत बसायचा. चालकाला हे आधी भोवलं होतं: अधूनमधून एखादा गठ्ठा दर वेळी त्याच जागी मरायचा, आणि त्यात एक निरोप वाढवून पुन्हा दाबला की सुरळीत जायचा. तीन बाइटांच्या या जुळणीची शक्यता प्रत्येक जागी १ कोटी ६७ लाखांत एक. १०० किलोबाइटच्या गठ्ठ्यांत सरासरी १६० गठ्ठ्यांमागे एकदा. पॅड बाइटचा आठवा बिट पाहत नसेल तर विसेक गठ्ठ्यांमागे एकदा. झेडमोडेम आठव्या बिटाची दोन्ही रूपं झाकतो.

मुख्य अडसर टेक्सासचा होता. चालकाने तिथल्या माणसाला ‘तुमची व्यवस्था बदला’ असं न म्हणता त्यांच्याच भाषेत हिशोब लिहून पाठवला: आमचा कॉल तुमची लाइन रोज तासभर अडवतो, नव्या प्रोटोकॉलने पंचवीस मिनिटं अडवेल. लाइन मोकळी झाली तर आणखी दोन हबना जागा होईल. हे पटलं. बिंकलीटर्म हे मेलर, म्हणजे बोर्डांचं टपाल नेणारं-आणणारं सॉफ्टवेअर, १९८७ मध्ये आलं, त्यात झेडमोडेमही होता आणि पीसी परस्यूटसारख्या लांब साखळीसाठी स्क्रिप्टची सोयही. दोन्ही टोकांना ते बसलं आणि ६२ मिनिटांचा गठ्ठा पंचविशीत आला.

## १९८७ चा धसका, १९८९ चा फटका

१९८७ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण नियामक आयोगाने, असा प्रस्ताव मांडला की टेलेनेटसारख्या सेवांनीही स्थानिक फोन कंपन्यांना लांब पल्ल्याच्या कंपन्यांप्रमाणे प्रवेशशुल्क द्यावं. ते लागलं असतं तर तासाला सुमारे पाच डॉलरांचा बोजा आला असता आणि उक्ता दर राहिलाच नसता. देशभरातून विरोध झाला, चालकाच्या नोडनीही पत्रं लिहिली, आणि १९८८ मध्ये प्रस्ताव मागे पडला.

यातून काढायचा धडा वेगळा होता, असं मला वाटतं. सेवेचा दर ज्या नियमावर उभा आहे तो नियम बदलू शकतो हे तेव्हा लख्ख दिसलं होतं. पर्यायी व्यवस्थेची चाचणी तेव्हाच घ्यायला हवी होती. ती घेतली गेली नाही. संकट टळलं की लोक कामाला लागतात, तसं झालं.

१९८९ मध्ये टेलेनेटने स्वतःच उक्ता दर मोडला. महिन्याला ३० डॉलर आणि त्यात ३० तास, त्यापुढे तासाप्रमाणे आकार. कंपनीची बाजू समजण्यासारखी होती. काही जण संध्याकाळी सहाला जोडणी करून सकाळी सातपर्यंत सोडत नव्हते आणि बाकीचे रांगेत उभे. मोडेम मोजकेच, लाइन मोजक्याच. पण ज्यांनी चारचौघांच्या वर्गणीतून टपालसेवा उभारली होती त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

३० तास म्हणजे रोज एक तास. गठ्ठा एव्हाना दुप्पट झाला होता. ६०० किलोबाइट २४०० बिटांवर आणायला ४३ मिनिटं, जाणारा गठ्ठा आणि जोडणीचे खटाटोप धरून तास भरतोच. तुटलेल्या एखाद्या रात्रीलाही जागा नाही. शिवाय चालक त्याच आयडीवरून इतर शहरांतल्या बोर्डांवर फाइली शोधत फिरायचा. उक्त्या दरात त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता त्याचा प्रत्येक तास नोडच्या वर्गणीतून जाऊ लागला आणि ‘टपालाचे तास किती, तुमचे किती’ हा प्रश्न बैठकीत आला. चालकाने दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी वेगळा आयडी घेतला. हिशोबाची वही त्यांनी पुढे सगळ्यांसाठी उघडी ठेवली.

## निष्पत्ती

शेवटी पीसी परस्यूट सोडायचं ठरलं, आणि या वेळी आधी हिशोब केला.

यूएस रोबोटिक्सच्या एचएसटी मोडेमने तोवर १४,४०० बिटांचा वेग गाठला होता आणि कंपनी बुलेटिन बोर्डांच्या चालकांना तो सवलतीत द्यायची. थेट कॉलवर सेकंदाला सुमारे १६०० अक्षरं. ६०० किलोबाइट साडेसहा मिनिटांत. पंधरा सेंटांनी रात्रीचा एक डॉलरही नाही, महिन्याचे जेमतेम तीस. टेलेनेटचे डायल-आउट मात्र २४०० वरच थांबलेले, त्यामुळे नवा मोडेम त्या वाटेने नेऊन उपयोग नव्हता. दूरच्या शहरातल्या कुणा दुसऱ्याच्या मोडेमवर अवलंबून राहायचं कारणच उरलं नाही. मोडेमला सवलतीतही काही शे डॉलर पडले, ते नोडनी मिळून भरले. टेक्सासच्या हबकडे तोच मोडेम आधीपासून होता.

पहिल्या महिन्याचं बिल पीसी परस्यूटच्या नव्या दराच्या आसपास आलं. गठ्ठा टपालाच्या तासाच्या खूप आधी उतरू लागला.

## काय वेगळं करता आलं असतं

मोडेम घेण्याआधी एका ब्लॉकचा वेळ मोजायला हवा होता. घड्याळ आणि एक्समोडेमचा पडद्यावरचा ब्लॉकचा आकडा एवढी साधनं पुरेशी होती. शंभर ब्लॉकना किती सेकंद लागतात ते पाहायचं आणि त्यातून मोडेमचा स्वतःचा वेळ वजा करायचा. उरते ती प्रतीक्षा. ती मोठी असेल तर पैसे मोडेमवर खर्चू नयेत. १७व्या ब्लॉकचा शोध ज्या माणसाने इतका सुरेख लावला त्याला हे अवघड नव्हतं. पण तिथे काम थांबलं होतं म्हणून कारण शोधणं भाग पडलं, इथे काम रडतखडत का होईना चाललं होतं.

टेक्सासशी बोलणं पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं. समोरचा बदलणार नाही हे चालकाने मनाशीच ठरवून टाकलं आणि ते वर्षभर विचारलंच नाही.

टपाल आणि हौस यांचे आयडी पहिल्यापासून वेगळे हवे होते. उक्त्या दरात सगळं एकत्र चालून जातं म्हणूनच ते वेगळं ठेवायची सवय तेव्हाच लावायची असते.

१९८७ च्या प्रस्तावाच्या वेळी महिन्यातून एक रात्र थेट कॉलने गठ्ठा आणून पाहिला असता तर स्क्रिप्ट, वेळ आणि खरं बिल तिन्ही हाताशी राहिली असती. १९८९ मध्ये हे सगळं घाईत जुळवावं लागलं आणि मधल्या काळात दोन नोडनी टपाल घेणं सोडलं. त्यांतला एक नंतर परत आला.

एका बाबतीत मात्र मी चालकाच्या बाजूने आहे. ‘सुरुवातीलाच थेट कॉल धरला असता तर एवढा खटाटोप वाचला असता’ असं नंतर काहींनी म्हटलं. १९८६ मध्ये महिन्याला शंभर डॉलरची वर्गणी त्या शहरातून उभी राहिली नसती. डायल-आउटची तीन वर्षं मिळाली म्हणून नोड जमले, वाढले आणि नवा मोडेम मिळून घेण्याइतका विश्वास त्यांच्यात तयार झाला. १९८९ मध्ये वर्गणीच्या यादीत जी नावं होती, त्यांतली बरीचशी पीसी परस्यूटच्या काळातच आलेली होती.